वांग्याची गाय

भरताचं वांगं हातात घेतलं की अजूनही मी ते आधी आडवं धरून बघते. देठ कुठल्या बाजूला वळलाय, पोट नीट गोल आहे का, पाय लावले तर उभं राहील का. मग आठवतं की आपल्याला भरीत करायचंय, आणि बिचारं वांगं गॅसवर जातं. माझी मुलगी हे बघून जपानीत काहीतरी पुटपुटते. त्याचा अर्थ साधारण 'आईचं सुरू झालं पुन्हा' असा होतो. इथे जपानात, इचिकावातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते, हे तिला बोलता येऊ लागल्यापासून असंच चाललंय. तिला एकदा त्या गाईचं सगळं नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. ती हे वाचेल की नाही, देव जाणे.

तेव्हा आम्ही फुनाबोरीला राहत होतो. आपली माणसं त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाबा तोयोसुच्या एका उंच इमारतीत काम करायचे आणि घरी यायचे ते पाठ टेकण्यापुरते. आईला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली होती. म्हणजे त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात होती एक झोपून असलेली आई आणि कशावरूनही भांडण उकरून काढणारी, नुकतीच वयात आलेली मी. आईला आठवड्यातून एकदा जपानी शिकवायला येणाऱ्या योशिए-सान नावाच्या बाई होत्या. त्यांनीच आमची दैना बघून सुचवलं, की हिला माझ्या धाकट्या भावाकडे पाठवा, उत्तरेला इवातेच्या डोंगरात. त्याच्याकडे पुष्कळ गाई आहेत. आईने 'गाई' एवढंच ऐकलं. "अगं किती छान! पोरीला घरचं दूध मिळेल," म्हणून तिने पडल्या पडल्या माझ्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि गाईला द्यायला गूळ भरायला लावला. बाबांना मात्र काय ते कळलं होतं. उएनो स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीरा, तिथल्या गाई दुधाच्या नाहीत हं. लक्षात येतंय ना? आईला आत्ता काही बोलू नकोस. बाळ झालं की मी सांगतो." त्या बाळाला आता टक्कल पडायला लागलंय. बाबांनी अजून सांगितलेलं नाही.

मला उतरवून घ्यायला योशिए-सानांचे ते भाऊ, ओनोदेरा काका, आले होते. ठेंगणे, रुंद, उन्हाने रापलेले, डोक्यावर फिकट पडलेली हिरवी टोपी. त्यांनी ती काढली, मला वाकून नमस्कार केला आणि 'मीरा-सान' म्हणाले. मला तोवर सगळे 'चान' म्हणायचे, लहान पोरींना म्हणतात तसं. 'सान' म्हणजे बाबांना ऑफिसात लावतात तो मान. मी चांगलीच फुशारले. घरी पोचल्यावर कळलं, की काका गाईंनाही 'सान' म्हणतात. "हानाको-सान, जरा सरका बघू," असं म्हणत ते एका काळ्याभोर गाईच्या ढुंगणाला खांदा लावून तिला बाजूला करत होते. माझा फुगा तिथेच फुटला. पण खरं सांगते, तो माणूस गाईला आणि पोरीला एकाच अदबीने बोलवायचा आणि दोन्हीत काही खोटं नसायचं. स्टेशनवरून निघताना ट्रक सुरू करण्यापूर्वी त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले तेव्हा मला वाटलं, झाले, हे झोपले. ते प्रार्थना करत होते. पुढे जेवणाच्या आधी, गोठ्यात शिरताना, व्यायला टेकलेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून, अशी कुठेही त्यांची ती दोन क्षणांची झोप लागायची आणि सगळं घर तेवढं थांबायचं.

घरात चार माणसं होती. काका, त्यांची बायको मिचिको काकू, सात-आठ वर्षांची हारुका आणि काकांची आई. तिला सगळे बाचान म्हणत, म्हणजे आजीच. मीही तेच म्हणू लागले. सकाळी उजाडायच्या आत काका गोठ्यात असत आणि तिथून त्यांचं गाणं ऐकू येई. चर्चमधली गाणी ते अशा सुरात म्हणत की काकू, ज्या रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, कपाळाला हात लावत. गाई मात्र कान टवकारून ऐकत. गोठ्यातून आले की हात कोपरापर्यंत साबणाने घासायचे आणि हारुकाला मांडीशी बसवून तिच्या दोन वेण्या घालायच्या. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढणारे ते हात, बोटं गाजरासारखी जाड, आणि भांग मात्र असा सरळ की माझ्या आईला जमला नसता. हारुका तेवढ्यात शाळेतल्या सगळ्या चहाड्या सांगून घ्यायची. "हं, मग? मग तू काय म्हणालीस?" असं काका विचारत राहायचे, जणू गावच्या पंचायतीचा निकाल लागायचाय. मला त्या पोरीचा मनापासून हेवा वाटे. आमच्याकडे बाबा मला रविवारी भेटायचे, तेही पेपरच्या आडून.

जेवणाचं म्हणाल तर मी जाण्याआधीच योशिए-सानांनी फोनवरून काकूंना बजावलं होतं, की ही पोरगी गाईचं मांस खाणार नाही. काकूंनी त्यावर कडी केली. मी आहे तोवर घरात ते शिजवायचंच नाही असं ठरवून टाकलं. गुरं पाळणाऱ्यांच्या घरात! त्या रोज भात, सुकवलेल्या समुद्री पाल्याच्या पाण्यातलं मिसो सूप, काकडी, भोपळा, कोवळ्या सोयाबीनच्या दाण्यांचा गोड हिरवा लगदा लावलेले तांदळाचे गोळे असं काहीबाही करायच्या. आणि वांगी. अंगणाच्या कडेला बाचानचा वांग्यांचा वाफा होता आणि त्या उन्हाळ्यात तो नुसता ओतत होता. एकदा काकूंनी वांगी भाजून, सोलून, वर आलं किसून पानात वाढली. माझ्याने राहवलं नाही. मी कांदा चिरला, मिरची घातली, दाण्याचं कूट शोधलं, ते नव्हतं म्हणून तीळ कुटून घातले आणि भरीत केलं. बाचानने एक घास घेतला, डोळ्यातून पाणी काढलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

आता काकांच्या धर्माचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. जपानात ख्रिश्चन थोडे, त्यात बॅप्टिस्ट आणखी थोडे, आणि त्या डोंगरात गाई पाळणारे बॅप्टिस्ट म्हणजे हे एकच घर. त्यांच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून मोकळं होत नाहीत. ज्याचं त्याला कळायला लागलं, त्याने आपली श्रद्धा आपल्या तोंडाने सांगितली, की मग त्याला पाण्यात पुरता बुडवून काढतात. काका शेती शिकायला शहरात गेले होते तेव्हा त्यांनी तसं सांगितलं आणि काठाला बर्फ असलेल्या नदीत ते बुडून आले. हारुकाला अजून कोणी बुडवलं नव्हतं. "तिचं तिने ठरवायचं," काका म्हणाले. मला हे फार नवल वाटलं. आमच्याकडे मला कधी कोणी काही विचारलं नव्हतं, कानसुद्धा न विचारताच टोचले होते. तसंच त्यांनी आपल्या आईलाही, बाचानला, कधी त्यात ओढलं नाही. बाहेरच्या खोलीत बाचानचं बुत्सुदान होतं, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांचं देव्हाऱ्यासारखं काळं कपाट. काकांनी त्याची बिजागरी स्वतः बसवून दिली होती. आईला ऊन मिळावं म्हणून ते खिडकीजवळ हलवलं होतं. पण त्याच्यापुढे ते हात जोडत नसत. मी मात्र रोज सकाळी आंघोळ करून बाचानबरोबर तिथे बसायची, उदबत्ती लावायची, पहिल्या वाफेचा भात ठेवायची. फुनाबोरीत आई पडून असल्यामुळे देवपूजा माझ्याकडेच होती, त्यामुळे हाताला सवय होती. ख्रिश्चन घरात हे चालेल का, अशी धाकधूक वाटत होती. एक दिवस काका बाजारातून आले आणि उदबत्त्यांचा पुडा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आईच्या संपत आल्या होत्या." बस, तेवढंच.

पण त्या दोघांत काहीतरी अडलेलं होतं हे मलासुद्धा जाणवायचं. बाचान मुलाशी गोड बोलायची, त्याचं ताट वाढायची, पण खोलीतल्या त्या कपाटाकडे वळली की तिच्या पाठीला एक ताठरपणा यायचा. शेवटी काकूंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं. आदल्या हिवाळ्यात काकांचे वडील गेले. अशा वेळी थोरल्या मुलाने सगळ्यांच्या आधी पुढे व्हायचं, धूप घालायचा, हात जोडायचे. काका पुढे झाले नाहीत. एका खांबाशी मान खाली घालून उभे राहिले. नातेवाईक न जेवता निघून गेले. बाचान त्यावर आजवर एका अक्षरानेही बोलली नव्हती. "ह्यांचा वडिलांवर फार जीव होता गं," काकू म्हणाल्या. "शेवटचे सहा महिने ह्यांनीच आंघोळ घातली त्यांना. पण पाण्यात उतरताना शब्द दिला होता ना, की एकाच देवापुढे वाकेन म्हणून." मला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. आजही पुरतं कळत नाही.

जुलै संपताना एक वासरू बाजाराला गेलं. आदल्या दिवशी काकांनी त्याला कोमट पाण्याने धुतलं, ब्रश करून चकचकीत केलं, आणि तेव्हाच मला उमगलं की बाबा स्टेशनवर काय म्हणत होते. सकाळी ट्रक आला. वासरू चढत नव्हतं, त्याची आई गोठ्यात हंबरत होती. ट्रक फाटकाबाहेर पडला तसे काका त्याच्या मागून फाटकापर्यंत गेले, टोपी काढली आणि तो खालच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे राहिले. मी रडत होते आणि चिडलेही होते. म्हटलं, "आता प्रार्थना करून काय उपयोग?" माझं जपानी शाळेतलं, उद्धटपणा लपवता न येणारं. काका रागावले नाहीत. "प्रार्थना नाही ही," ते म्हणाले. "प्रार्थना देवाची. हा निरोप. आपल्या घरातून कोणी निघालं तर फाटकापर्यंत जावं." मी विचारलं, मग विकता कशाला? ते जरा वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "घर त्यावर चालतं, मीरा-सान. मी त्यांना चांगलं वाढवतो. पुढचं मला आवडत नाही, पण त्याचं जेवतो मीच." मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांनी तो धरू दिला, आणि ती गाय हंबरायची थांबली तेव्हा माझाही राग आपोआप उतरला.

ऑगस्टच्या मध्यावर ओबोन आला. आपल्याकडे पितर पंधरवड्यात येतात, त्यांच्याकडे ते चार दिवस मुक्कामाला येतात. आजोबा गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा. बाचान आठवडाभर आधीपासून कामाला लागली होती. पहिल्या दिवशी तिने काकडीला तोडलेल्या चॉपस्टिकचे चार पाय खोचून घोडा केला आणि मला वांगं देऊन म्हणाली, "तू गाय कर." मला काय आनंद झाला! आईचं माहेर यवतमाळचं. लहानपणी आजोळी तान्ह्या पोळ्याला मी लाकडी बैल ओढत दारोदार फिरलेली, आणि फुनाबोरीतही आई कणकेचे बैल करून पूजा करायची. मी वांग्याला पाय लावले, देठाला शिंगांसारखं वळवलं, बॅगेतलं कुंकू लावलं, पुढे गूळ ठेवला आणि उंबऱ्यापाशी घराकडे तोंड करून गाय उभी केली. पोळ्याचे बैल दारात आत तोंड करूनच येतात, आणि मग त्यांना ओवाळायचं. मी मेणबत्तीने ओवाळलंही. बाचान आली, बघितलं, आणि भिंतीला धरून हसत सुटली.

"अगं, उलटी उभी केलीस," ती म्हणाली. "घोडा येण्यासाठी. तो धावतो ना, म्हणजे लवकर यावं. आणि गाय जाण्यासाठी. ती रमतगमत जाते, म्हणजे जरा उशिरा पोचावं. ही अशी आत बघत राहिली तर आमचे हे जायचेच नाहीत."

"मग राहू दे की त्यांना," मी म्हटलं.

तिचं हसू जरा ओसरलं. "राहिले तर मला हवेच आहेत," ती म्हणाली. "पण जावं लागतं त्यांना. घरातल्याने नीट पोचवलं तर रस्ता चुकत नाहीत." तिने गाय उचलून बाहेर तोंड करून ठेवली. कुंकू मात्र पुसलं नाही. काका दारातून हे सगळं बघत होते. मग ते गोठ्याकडे गेले.

शेवटच्या दिवशी दुपार उलटल्यावर बाचान निरोपाची तयारी करत होती. संध्याकाळी फाटकापाशी अंबाडीच्या काड्या पेटवायच्या, धुराबरोबर माणूस जातो, गाय त्याला घेऊन जाते. काड्यांची मोळी दोन्ही हातांत धरून ती ओसरीवरून उतरायला गेली आणि पायाखालचा दगड चुकला. मी आत होते. आवाज ऐकून धावले तर ती अंगणात पडलेली, एक पाय विचित्र बाहेर वळलेला, चेहरा पांढराफटक. काकूंनी अँब्युलन्सला फोन केला. काका गोठ्यातून बूट न काढता धावत आले. आणि बाचानने ओसरीच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"आई, हाड मोडलंय. गाडी येतेय, हात सोड."

"येऊ दे. थांबेल ती. संध्याकाळ झाली की ह्यांना पोचवते, मग येते."

"संध्याकाळपर्यंत अशी पडून राहणार? आई, असं काय करतेस?"

"मी गेले तर कोण पोचवणार त्यांना? तू?"

मी मध्येच तोंड घातलं, "बाचान, मी करते ना. मला सगळं येतं आता." तिने दुखण्यातही माझ्याकडे मायेने बघितलं. "तू गुणाची आहेस गं. पण तू पाहुणी. पाहुण्याने काड्या पेटवाव्यात, पोचवायला घरचंच माणूस लागतं." काकू पुढे झाल्या आणि थांबल्या, त्यासुद्धा त्याच पाण्यात उतरलेल्या होत्या. हारुका माझ्या मागे तोंड लपवून रडत होती.

काका तिच्याजवळ मातीत गुडघ्यांवर बसले. "आई, मी त्यांना हात जोडू शकत नाही. तुला माहीत आहे. बाबांवर माझा राग नव्हता. कधीच नव्हता."

"मी हात जोड म्हटलं का?" बाचान म्हणाली. तिचा श्वास तुटत होता, पण आवाज चढला. तो चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "वासरू निघालं तर तू वळणापर्यंत उभा राहतोस. टोपी काढून. मी खिडकीतून बघते दर वेळी. आणि तुझे वडील निघाले तेव्हा खांबापासून हललाही नाहीस तू."

काका रडले. एवढा मोठा बाप्या माणूस तोंड न झाकता रडताना मी तोवर बघितला नव्हता. मला त्यांची इतकी दया आली, की आजोबांना, त्या कपाटाला, सगळ्यालाच उचलून फेकून द्यावंसं वाटलं. मग ते उठले, आत गेले आणि माझी वांग्याची गाय घेऊन आले. चार दिवसांत वांगं मऊ पडलं होतं, पाय फाकले होते. त्यांनी ती ओसरीवर ठेवून बघितली, खिशातून चाकू काढला आणि मोळीतली एक काडी घेऊन नवे पाय कापायला लागले.

"अहो, आत्ता?" काकू जवळजवळ ओरडल्या.

"गाय अशी उभी राहत नाही," काका म्हणाले. "मागचे पाय थोडे मागे असतात." खांब धरून कण्हणाऱ्या बाचानच्या तोंडून त्याही परिस्थितीत फिस्सकन हसू बाहेर पडलं.

त्यांनी दोन्ही हातांत धरून गाय फाटकापर्यंत नेली. गडबड न करता, गाय चालते त्याच चालीने. बाहेर तोंड करून ठेवली. मी शेजारी काड्या रचल्या आणि पेटवल्या. ऊन अजून चांगलंच होतं, त्यामुळे ज्योत दिसत नव्हती, नुसता धूर दिसत होता. काकांनी टोपी काढली. हात जोडले नाहीत, मान झुकवली नाही, डोळे मिटले नाहीत. खालच्या वळणाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात त्याच वळणावरून अँब्युलन्स वर आली आणि फाटकात आग आणि माणूस दोन्ही बघून थांबली. चालवणारा तिथलाच असावा. त्याने काच खाली केली, बघितलं आणि भोंगा बंद केला. अंबाडीच्या काड्या भरभर जळतात, पण मला तो वेळ संपता संपेना. शेवटचा धूर विरल्यावर बाचानने मागून म्हटलं, "गेले," आणि खांब सोडला.

काका तिच्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसून गेले. टोपी फाटकापाशीच राहिली होती, ती मी घरात आणून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी हारुकाच्या वेण्या काकूंनी घातल्या आणि त्या वाकड्या झाल्या म्हणून तिने मोठा गोंधळ घातला. रविवारी आम्ही चर्चला गेलो. एका बंद पडलेल्या दुकानात भरणारं छोटंसं चर्च, सगळी म्हातारीकोतारी माणसं. काका उठून उभे राहिले आणि जे घडलं ते सगळ्यांना सांगून टाकलं. त्यांच्यात असं सांगायची रीत आहे. "मी प्रार्थना केली नाही," ते म्हणाले. "वडिलांना फाटकापर्यंत सोडून आलो. चुकलं असेल तर सांगा." मग मागच्या बाकावरून एक आजीबाई म्हणाल्या, "आम्हालाही असं कोणीतरी फाटकापर्यंत सोडा म्हणजे झालं," आणि सगळे हसले, काकासुद्धा. माझा विचाराल तर त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण यांच्यातलेच आहोत.

सप्टेंबरात माझा भाऊ झाला. फोनवर आईने विचारलं, "गाईला गूळ घातलास का गं?" मी म्हटलं, "घातला." ते खरंच होतं, वांग्याची का असेना. बाचान काठी घेऊन हिंडू लागली आणि पुढे कितीतरी उन्हाळे मी त्यांच्याकडे गेले. ती आणि काका आता भांडायचे. पहिल्यासारखं जपून बोलणं संपलं होतं, आणि भाताला पाणी जास्त झालं एवढ्यावरूनही त्यांची जुंपायची. मला ते ऐकून बरं वाटे. दर ओबोनच्या शेवटच्या संध्याकाळी बाचान काड्या पेटवायची आणि काकांना नेमकं त्याच वेळी फाटकाचं कुंपण तपासायचं असायचं. कोणी त्यांना बोलावत नसे. टोपी मात्र हातात असायची.

मी कॉलेजात असताना एका हिवाळ्यात बाचान गेली. माझी परीक्षा होती, मला जाता आलं नाही. काकूंनी फोनवर सांगितलं, की तिच्या इच्छेप्रमाणे सगळं त्यांच्या जुन्या पद्धतीने केलं आणि काका गाडीच्या मागून वळणापर्यंत चालत गेले, बर्फातून, उघड्या डोक्याने. त्या उन्हाळ्यात मी ओबोनला गेले. बाचानचा पहिला ओबोन. आता काड्या कोण पेटवणार, म्हणून मी मुद्दाम शेवटच्या दिवशी पोचले होते. वांग्यांच्या वाफ्यात तण माजलं होतं, पण झाडांना फळ होतं. हारुका उंच झाली होती आणि वेण्या स्वतः घालत होती. काका घरात दिसले नाहीत. मी बॅग टाकून फाटकाकडे गेले.

ते तिथे उकिडवे बसले होते. पुढ्यात वांग्याची गाय. पाय नेमके बसवलेले, मागचे थोडे मागे, देठाची शिंगं, आणि कपाळावर लाल ठिपका, बहुतेक वासरांना खूण करायच्या रंगाचा. टोपी गुडघ्यावर होती. काड्या रचलेल्या होत्या, पण पेटवलेल्या नव्हत्या. गाईचं तोंड घराकडे होतं.

मी शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हटलं, "काका, उलटी ठेवली आहे तुम्ही."

"ठाऊक आहे, मीरा-सान," ते म्हणाले. "उद्या वळवू."